एक इंच लांब मानेचा फोर्क

मार्च लागला की माझ्या बोटांना दोन वास येतात. एक खडूचा. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या हाताला तो वर्षभर असतोच. दुसरा ग्रीसचा. हा फक्त परीक्षांच्या दिवसांत येतो आणि खरा नसतो. वर्गात मुली पेपर लिहीत असतात, पंखा कुरकुरत असतो, खिडकीबाहेरचं झाड एकही पान अंगावर न ठेवता गुलाबी फुलांनी भरलेलं असतं. बाकांच्या मधून फिरता फिरता मी नकळत बोटं नाकाशी नेते. तीस वर्षांपूर्वीचं ग्रीस. साबणानं कधीच गेलेलं, आणि तरी येतंच.

यंदा मात्र ते खरं आहे. आत्ता हे लिहितानाही उजव्या हाताच्या नखांत काळी रेघ आहे. पण तिच्याकडे येण्याआधी अण्णांबद्दल सांगायला हवं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही बेंगळूरचे मराठी. कोण कुठून कधी आलं ते विचारू नका, घरात कुणाला नीट ठाऊक नाही. तीनशे वर्षं तरी झाली म्हणतात. आमच्या मराठीत ‘थोडं’ फारसं नाही, ‘स्वल्प’ आहे. ‘बरं’ नाही, ‘सरी’ आहे. पुढे नोकरीत एक पुण्याच्या बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, “तुमची मराठी अगदी गंमतशीर आहे हो.” मी म्हटलं, “तुमचीही.” सायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला त्या ‘चिमटा’ म्हणत, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्याकडे फोर्क तो फोर्कच.

अण्णा शिंपी. कॉटनपेटेत घराची पुढची खोली हेच दुकान. एक मशीन, एक कटिंगचं टेबल, भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांवर लटकणारे अर्धे कोट. गळ्यात टेप. तो टेप जेवतानाही गळ्यात असे, देवाला नमस्कार करतानाही. अम्मा, माझी आई, म्हणायची, “ह्यांना पाळण्यात घातलं तेव्हाच गळ्यात घातला असेल.” घरात डिग्री घेणारी मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते आणि अजूनही सांगते, कुणाला कंटाळा आला तरी. पण त्या डिग्रीपर्यंत मला जिनं नेलं ती अण्णांची सायकल होती, हे सांगायला मी बरीच वर्षं विसरत असे.

सायकल पुरुषी, काळी, उंच, मधे दांडा असलेली. दंडूतल्या, म्हणजे कँटोन्मेंटच्या बाजूच्या, एका रेल्वेवाल्या म्हाताऱ्या साहेबाकडून अण्णांनी लग्नाआधी घेतलेली विलायती चीज. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, आणि घंटी अशी की आख्खी गल्ली बाजूला व्हावी. तिच्यावरून अण्णा शिवलेल्या कपड्यांची बोचकी चिकपेटेतल्या दुकानांत पोहोचवत. मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा कॉलेज लांब होतं आणि दोन बस बदलाव्या लागत. पहिल्या आठवड्यात एका सकाळी अण्णांनी सायकल पुसून दारात उभी केली आणि म्हणाले, “तू ने. मला चालायला आवडतं.” त्यांना चालायला आवडत नव्हतं. तीन वर्षं ते डोक्यावर बोचकं घेऊन चिकपेटेला चालत गेले. चुडीदार घालून दांड्याच्या सायकलवर बसणारी पोर म्हणून गल्लीत माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते अण्णांनी कानावर घेतलं नाही. ऐकू आलंच तर मशीनचं पायडल जोरात मारत.

त्यांचा शिवणकामातला एकच नियम मी इथे सांगते, कारण तो पुढे लागणार आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात त्याला शिंपी लोक माया म्हणतात. बाकीचे शिंपी अर्धा इंच ठेवत. अण्णा एक इंच ठेवत. पाच वर्षांनी, दोन बाळंतपणांनंतर, तीच बाई तोच ब्लाउज घेऊन येई आणि अण्णा आतली शिवण उसवून तो तिला पुन्हा बसवून देत. बाई खूश. “जास्त असलं तर आत घालता येतं,” ते म्हणायचे, “कमी पडलं तर माणूस काय करणार?” चाळीस वर्षांत माप चुकलं म्हणून एकही कपडा परत आला नाही, ही त्यांची खरी मिळकत. त्यांना तेवढ्याच एका गोष्टीचा गर्व होता.

शेवटच्या वर्षाचा उन्हाळा. बेंगळूरचा उन्हाळा म्हणजे काय, असं बाहेरचे लोक हसून विचारतात. त्यांना तेव्हाचं दुपारचं पांढरं ऊन माहीत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर कलिंगडाच्या फोडी बर्फावर मांडलेल्या. युगादी, म्हणजे पाडवा, तोंडावर आलेली, म्हणून अण्णांच्या टेबलावर परकरपोलक्यांच्या कापडांचा डोंगर. रात्रंदिवस मशीन. मी त्या आवाजातच अभ्यास केला. आजही पूर्ण शांततेत मला काही पाठ होत नाही. गुरुवारपासून पेपर सुरू होणार होते आणि आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मी कॉलेजातून परतत होते, भिंगांची सूत्रं मोठ्यानं म्हणत. सूत्र बरोबर आलं म्हणून डोळे मिटले असणार. गटारावरची एक दगडी चप्पड, म्हणजे झाकणाची फरशी, कुणीतरी उचलून ठेवली होती.

माझ्या गुडघ्याचं सोडा. मी उठले आणि सायकलकडे पाहिलं तर पुढचं चाक मागे येऊन फ्रेमला टेकलं होतं. फोर्कचे दोन्ही पाय मागे वळले होते. म्हातारं माणूस खुर्चीखाली पाय दुमडून बसतं ना, तसे. मी तिला मागच्या चाकावर उभी करून दीड मैल ढकलत आणली. सगळा वेळ डोक्यात एकच, अण्णांना काय सांगू. तीन वर्षं ते चालत होते, आणि ज्याच्यासाठी चालत होते ते मी डोळे मिटून गटारात घातलं होतं.

अण्णांनी पाहिलं. आधी माझा गुडघा, मग फोर्क. म्हणाले, “मुनियप्पाकडे जाऊ.”

मुनियप्पा आमच्या गल्लीच्या टोकाचा सायकलवाला. झाडाखाली एक पेटी, एक पंप, पाण्याचं घमेलं, एवढंच त्याचं दुकान. मी लहान असल्यापासून तो मला ‘अम्मा’ म्हणे. त्यानं फोर्क काढला, दोन्ही हातांत धरून एका डोळ्यानं त्याच्या कडेकडेनं पाहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, “आगल्ला अण्णा. जमायचं नाही. तापवून सरळ करतो, पण पुढच्या खड्ड्यात मोडेल. पोरगी त्याच्यावर बसते.”

“नवा टाक,” अण्णा म्हणाले.

“नवे आताच्या सायकलींचे. हिची मान उंच, त्यांची आखूड. तीन बोटं कमी पडेल.” मग फोर्क खाली ठेवत, “खरं सांगू? भंगारात घाला हिला.”

अण्णांनी फोर्क उचलून उलटसुलट करून पाहिला. मीच गप्प बसेना. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, तोंड बंद कसं ठेवणार? फोर्कचे पाय पुढे का वळवलेले असतात, त्यामुळे सायकल सरळ कशी धावते, आणि धक्क्याचा जोर नेमका कुठे बसला, हे मी मुनियप्पाला समजावून सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. “सरी अम्मा,” तो म्हणाला, “हे सगळं त्या गटाराला आधी सांगायचं होतंस.”

अण्णा हसले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. आणि हसता हसता म्हणाले, “भंगारात नाही घालायची. रविवारच्या बाजारात बघू. काय काय जुळायला हवं तेवढं सांग.”

मुनियप्पानं सांगितलं, आणि ते मला माझ्या अभ्यासाइतकंच पाठ आहे. फोर्कच्या वरच्या नळीला तो मान म्हणे. ही मान फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीतून वर जाते आणि थोडी बाहेर येते. बाहेर आलेल्या टोकाला आटे असतात. त्यांच्यावर एक कोन, म्हणजे आतून आटे असलेलं लोखंडी कडं, आणि एक नट फिरवून घट्ट बसवतात, कोनाखाली बेअरिंगचे छर्रे फिरतात, म्हणून हँडल वळतं. तेव्हा मान पुरेशी लांब हवी, पुरेशी जाड हवी, पायांच्या मधे अठ्ठावीस इंची चाकाला जागा हवी, आणि पायांवर ब्रेकच्या सळया धरायला कड्या हव्यात. “एवढं जुळलं तर बसतो,” तो म्हणाला, “नाहीतर नाही बसत.”

“म्हणजे कोटासारखंच,” अण्णा म्हणाले.

शनिवारी सकाळी त्यांनी युगादीची सगळी कापडं टेबलावरून खाली उतरवली. अम्मा दारातून बघत होती. गिऱ्हाइकाची कापडं जमिनीवर, हे तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल. अण्णांनी टेबलावर तपकिरी कागद पसरला, त्यावर मोडका फोर्क आडवा ठेवला आणि खडूनं त्याच्या कडेनं रेघ ओढली. वळलेले पाय मात्र त्यांनी जसे होते तसे काढले नाहीत. आधी कसे असतील ते मनात धरून काढले. पोक काढून उभ्या राहणाऱ्या माणसाचं माप ते असंच घेत, कोट नेहमी ताठ माणसाचा कापत, म्हणत, “कोट बघून तरी सरळ उभा राहील.” मग कात्री घेतली आणि कागद कापला. भिंतीवर कोटाच्या पाठी, बाह्या, कॉलर यांचे कागदी नमुने लटकत होते, त्यांच्यात एक सायकलच्या फोर्कचा नमुनाही लटकला. मानेवर त्यांनी खडूनं लिहिलं, साडेआठ.

चिकपेटेच्या मागच्या रस्त्यावर रविवारी जुना बाजार भरतो. मोडके रेडिओ, एका पायाचे बूट, कुलपांशिवाय किल्ल्या, किल्ल्यांशिवाय कुलपं. रस्त्यावर जागा एवढीशी, आणि त्यात माणसं खांद्याला खांदा लावून सरकतात. ऊन चढायच्या आत आम्ही पोहोचलो. बाजाराच्या पार टोकाला एक म्हातारा भाई बसायचा. त्याच्या पोत्यावर फोर्कच फोर्क. लहान मुलांच्या सायकलींचे, दूधवाल्यांच्या जाड सायकलींचे, गंजलेले, नुकतेच रंगवलेले, सगळे एका रांगेत पालथे पडलेले.

अण्णांनी गळ्यातल्या टेपचं टोक हातात घेतलं, काखेतला कागदी नमुना उलगडला आणि एकेका फोर्कवर अंथरून बघायला लागले. आजूबाजूला गर्दी जमली.

म्हाताऱ्या भाईनं पान गालात सरकवलं. “क्या जी दर्जीसाब, फोर्क को कोट सिलारें क्या?”

“हौ,” अण्णा म्हणाले. “थंडी लगरी बोला, इसलिए.”

लोक हसले. भाईला इतका आनंद झाला की त्यानं आम्हाला स्टूल दिलं. अण्णांनी खिशातून जुना कोन काढून माझ्या हातात दिला. “ज्याच्यावर नमुना बसेल त्याच्यावर तू हा चढवून बघ.” मी रस्त्यात उकिडवी बसून एकेका फोर्कच्या मानेवर ते लोखंडी कडं चढवत होते, कासारीण बांगडी चढवून बघते तसं. कुणाची मान जाड, कडं अडकून बसे. कुणाची बारीक, कडं डुगडुगे. माझ्या नखांत ग्रीस गेलं ते तेव्हा. गुरुवारी पेपर आणि मी रविवारी बाजारात लोखंडाला बांगड्या भरतेय, हे मनात आलं आणि कुणी ओळखीचं बघतंय का म्हणून मी वळून पाहिलंही. खोटं कशाला बोलू. कॉलेजच्या पोरीला अशी लाज वाटायची.

तासाभरानं दोन उरले. दोघांचे पाय नमुन्याबरोबर. दोघांच्या मधे चाकाला जागा, दोघांना ब्रेकच्या कड्या. कोन दोघांवर चपखल बसला. “दोनो एकीच खानदान के,” भाई म्हणाला. अण्णांनी माना मोजल्या. एकाची साडेआठ. दुसऱ्याची साडेनऊ.

अण्णा दोन हातांत दोन फोर्क घेऊन उभे राहिले. तो उभं राहण्याचा ढंग मला माहीत होता. दुकानात गिऱ्हाईक म्हणे, “जास्त कापड कशाला ठेवता,” तेव्हा ते असेच उभे राहत, दोन्ही बाजू ऐकल्यासारखं करत, आणि उत्तर आधीच ठरलेलं असे.

“मोजताना स्वल्प इकडेतिकडे झालं असेल तर?” ते म्हणाले. “कमी पडलं तर काय करणार? हा लांब घेऊ.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “जास्त असेल ते कापता येईल.”

“बघा,” अण्णा भाईला म्हणाले, “बी.एस्सी. आहे.”

आम्ही वळलो तोवर साडेआठवाला दुसऱ्या कुणीतरी उचलला होता. मी तो जाताना पाहिला. एका लुंगीवाल्या माणसाच्या खांद्यावर, गर्दीत वर खाली होत.

सोमवारी सकाळी मुनियप्पानं नवा फोर्क फ्रेममध्ये घातला. मान वरून बाहेर आली. येतच राहिली. मुनियप्पानं कोन घेतला, आट्यांवर फिरवला, तो काही वेळ खाली उतरला आणि अडकला. खाली छर्रे उघडेच, आणि कोन त्यांच्यापासून बोटभर वर अधांतरी.

“अण्णा,” तो हळू म्हणाला, “आटे वर राहिले. खाली नुसती गुळगुळीत नळी आहे. कोन बसायला आटे इथे हवेत.” त्यानं बोट ठेवलं.

“मग वरून एक इंच काप.”

“कापलं तर आटेच जातील. खाली गुळगुळीत ते गुळगुळीतच राहील.”

अण्णांना समजायला थोडा वेळ लागला. मला लागला नाही. भाईच्या पोत्याजवळ मी ज्या गोष्टीचा एक क्षणही विचार केला नव्हता, ती आता लख्ख समोर होती. कापड वरून खालपर्यंत सारखं असतं. ते कुठेही कापा, कुठेही शिवा. लोखंडी नळीचं सगळं काम वरच्या त्या बोटभर आट्यांत असतं. जादा इंच आत घालायला तिला आतली बाजू नसते. अण्णा कापडाचा नियम घेऊन लोखंडाच्या बाजारात गेले होते आणि मी, बी.एस्सी., मान हलवत शेजारी उभी होते.

अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त गळ्यातला टेप काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. सकाळचे दहा वाजले असतील. दिवसाउजेडी, काम चालू असताना, टेपशिवाय अण्णांचा गळा मी त्याआधी पाहिला नव्हता. काहीतरी उघडं पडल्यासारखा दिसत होता तो.

त्या दिवशी ते दुकानात बसले, शिवत राहिले, पण प्रत्येक कापड तीन तीनदा मोजत होते. टेप खिशातून काढायचा, मोजायचं, पुन्हा खिशात. एक परकर त्यांनी मोजला, खडूनं रेघ मारली, झटकून पुसली, पुन्हा मोजला. अम्मा म्हणाली, “आज काय झालंय तुम्हाला?” ते म्हणाले, “काही नाही, उजेड कमी आहे.” दारातून उन्हाचा मोठा चौकोन टेबलावर पडला होता. संध्याकाळी म्हणाले, “मुनियप्पा म्हणतो ते बरोबर. भंगारवाल्याला बोलावू. तू पेपरला बसनं जा.”

मी पुस्तक उघडून बसले होते. भिंगांचंच पान. सायकल जाणार याचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त वाईट त्या रिकाम्या गळ्याचं वाटत होतं. सायकल भंगारात गेली असती तर अण्णांनी उरलेलं आयुष्य प्रत्येक कापड तीनदा मोजलं असतं. मला याची खात्री होती आणि आजही आहे.

मंगळवारी सकाळी अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले आणि मुनियप्पाकडे गेले. “आटे कमी आहेत, नळी तर आहे ना? खालपर्यंत नवे आटे पाडता येतील का?”

त्यानं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या नजरेत थट्टा नव्हती. “लेथवाल्याकडे येतील. कलासीपाळ्यात आहे एक. कोन सोबत ने, त्याच्या मापानं पाडायला सांग.” आणि मग, “आखूड असता तर काहीच करता आलं नसतं बघ.”

फोर्क मी अम्माच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि बसमध्ये चढले. कंडक्टरनं त्या लांबट गाठोड्याकडे पाहिलं. “काय आहे अम्मा, मूल?”

“मान मोडलीय,” मी म्हटलं. “दवाखान्यात नेतेय.”

“मग अर्धं तिकीट,” म्हणून तो पुढे गेला.

लेथवाला बोलका नव्हता. फोर्क यंत्रात आडवा लावला, तेल सोडलं, आणि नळीवरून लोखंडाची चकचकीत कुरळी साल निघायला लागली, शिसपेन्सिलीच्या सालीसारखी. मला त्या वेळी भौतिकशास्त्रातलं काहीही आठवलं नाही, आणि ते बरंच झालं. मी नुसती बघत राहिले. आटे एक इंच खाली आले. कोन फिरत फिरत पार तळाला जाऊन थांबला.

मग त्यानं करवत उचलली. “आता वरचं जास्तीचं उडवतो.”

हे करणं योग्यच होतं. नट बसायला तेवढे आटे खाली होतेच. वरच्या इंचाचं आता काही काम नव्हतं. तरी मी म्हटलं, “बेडा. नको. राहू दे.”

“कशाला?”

“आमच्या अण्णांनी मुद्दाम घेतलाय तेवढा,” मी म्हटलं.

बुधवारी मुनियप्पानं फोर्क बसवला. कोन छर्र्यांवर, आणि कोन ते नट यांच्या मधे तो जादा इंच भरून काढायला जाड वॉशर, एकावर एक, आठ. हँडलच्या खाली लोखंडी कॉलर चढवल्यासारखी दिसायला लागली. मी अण्णांना बोलावून आणलं. ते आले, सायकलभोवती एक फेरी मारली. पुढचं चाक उचलून फिरवून पाहिलं. हँडल डावीकडे, उजवीकडे. मग त्या आठ वॉशरांपाशी वाकून थांबले.

“काय हे?”

“तुमचा इंच,” मुनियप्पा म्हणाला. “पोरगी कापू देत नाही. लेथवर आटे पाडून आणले तिनं. लांब होता म्हणून पाडता तरी आले.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून टेप काढला, वॉशरांच्या त्या थप्पीला लावला, मोजलं. “बरोबर एक,” ते म्हणाले. आणि टेप खिशात न जाता गळ्यात गेला. जाता जाता म्हणाले, “आधी का गं सांगितलं नाहीस? मैत्रिणीकडे म्हणे,” आणि दुकानाकडे चालू लागले. थोड्या वेळानं घरून मशीनचा आवाज यायला लागला, एका दमात, न थांबता.

गुरुवारी मी त्याच सायकलवरून पेपरला गेले. हँडल इंचभर उंच झालं होतं, त्यामुळे मलाही इंचभर ताठ बसावं लागलं. गुलाबी फुलांचा सडा रस्त्याच्या कडेनं पडला होता, चाकाखाली त्याचा आवाजही होत नव्हता. मी सूत्रं म्हणत होते, पण डोळे उघडे ठेवून.

पास झाले, बी.एड. केलं, नोकरी लागली. मग सायकल अण्णांकडे परत गेली आणि ते पुन्हा चिकपेटेला सायकलवरून जायला लागले, गुडघे चालले तोवर. पुढे मी एचएसआर लेआउट या नव्या वस्तीत राहायला आले तेव्हा ती माझ्याबरोबर आली. शेजाऱ्यांकडे रोज लाख लाखाच्या सायकली टेम्पोतून उतरतात आणि रविवारी शहराबाहेर पार देवनहळ्ळीपर्यंत जाऊन येतात. माझी आपली भाजीला जाते. पन्नाशीची बाई दांड्याच्या सायकलवर बसलेली बघून पोरं फोटो काढतात. काढोत.

गेल्या आठवड्यात हँडल खडखडायला लागलं. जवळच्या दुकानातल्या तरुण मेकॅनिकनं मापाचं कसलंसं यंत्र लावून पाहिलं. चांगला मुलगा, हसतमुख. म्हणाला, “मॅडम, वरचे आटे झिजलेत. नट नुसता फिरतोय. फोर्क बदलावा लागेल, आणि याला बसणारा फोर्क आता मिळणार नाही. भिंतीला टांगा ना, छान दिसेल.”

तीस वर्षांनी पुन्हा तेच. “नट काढून तरी बघ,” मी म्हटलं.

त्यानं नट काढला. एकेक वॉशर काढून फरशीवर मांडत गेला. “हे एवढे कुणी घातले? काय डिझाइन आहे हे?” आणि आठवा काढल्यावर थांबला. वॉशरांखाली जो इंच तीस वर्षं झाकलेला होता, त्याचे आटे कोरे होते. लेथवाल्याच्या यंत्रातून निघाले तेव्हा चमकत होते तसेच. त्यानं नखानं चाचपून पाहिलं. “अय्यो, इथे तर नवे आहेत!”

“मग?”

“मग काय, वरचा झिजलेला अर्धा इंच कापतो, नट खाली आणतो. झालं.”

मी तिथेच फरशीवर बसले आणि नट फिरवून घट्ट करायला त्याला हात दिला. नखांतलं ग्रीस तेव्हाचं. आठांपैकी चार वॉशर परत चढले. उरलेले चार मी पदराला पुसले आणि रविवारी कॉटनपेटेला घेऊन गेले.

अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्या धाकट्या भावाकडे, त्याच घरात. मशीन बंद आहे, हात थरथरतात, पण टेप गळ्यात आहे. मी चार वॉशर त्यांच्या तळहातावर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते एकावर एक रचले, डोळ्यांजवळ नेले.

“कापलं?” त्यांनी विचारलं. आवाजात थोडी नाराजी होती.

“कापावं लागलं अण्णा. आटे झिजले होते.”

“किती?”

“अर्धा इंच.”

त्यांनी टेपचं टोक शोधलं, थरथरत्या हातानं थप्पीला लावलं. चष्मा नव्हता, माझी खात्री आहे की त्यांना आकडा दिसला नाही. तरी मान हलवली.

“आणि आत किती उरलं?”

“अर्धा.”

“सरी,” अण्णा म्हणाले. “म्हणजे अजून एकदा होईल.”